दान की देणं

आमच्या महिला मंडळात दशलक्षण पर्वात रोज एकीनं एकेका धर्मावर बोलायचं असतं. उत्तम त्यागाचा दिवस कितीतरी वर्षं माझ्याच वाट्याला येतो. आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं सांगायची, प्रत्येकाची एक गोष्ट सांगायची आणि उठायचं. भाषण आता पाठच झालंय. गेल्या वर्षी मात्र औषधदानापाशी आले आणि अडखळले. बायकांना वाटलं घसा बसला. कुणीतरी पाणी आणून दिलं. घसा बसला नव्हता. मला आमच्या कंपाउंडची भिंत आठवली होती आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या मामी.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. बेळगावात यात नवल काही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. खानापूर, चंदगड भागातल्या गावांत शोधायला गेलात तर घरटी नाही तरी गल्लीला एक तरी फौजी निघतोच. मामा अठराव्या वर्षी भरती झाले, चोवीस वर्षं नोकरी केली, बेचाळिसाव्या वर्षी घरी आले. मग बरीच वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. २०१६ साली त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेल्यासारखंच. मुलगी बंगळुरात. घरात दोघंच. सकाळ-संध्याकाळ मामांना उचलायला, अंघोळ घालायला, कूस बदलायला चंदगडकडचा एक मुलगा मोटारसायकलवरून यायचा. दणकट आणि प्रेमळ. मामांना तो ‘साहेब’ म्हणायचा, आणि तेवढ्यानं मामांचा चेहरा उजळायचा.

मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं. आपल्या या भागाची गंमत बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वीस मिनिटांवर शिनोळी, पण शिनोळी महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. एरवी या रेषेवर आम्ही सभा घेतो, भांडतो, पण भाजी आणायला पलीकडे जाताना ती रेष कुणाला दिसत नाही. त्या महिन्यात ती दिसली. नाका बंद झाला आणि तो मुलगा पलीकडे राहिला. इथलं कुणी यायला तयार होईना. एक जण तयार झाला, त्यानं तिप्पट पैसे मागितले. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. जीव धोक्यात घालून परक्याच्या घरात शिरायचं होतं. हातमोज्यांचा बॉक्स, मास्क, सॅनिटायझर, डायपर, सगळ्यांचे भाव चढलेले. पेन्शन मात्र होती तेवढीच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामी भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, “जरा हात दे की गं. कूस बदलायचीय, एकटीला उचलंना झालंय.”

मी म्हटलं, “मामी, आमच्याकडे सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. मी तुमच्याकडे येऊन परत त्यांच्याजवळ कशी जाऊ?”

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मास्क लावून, नंतर अंघोळ करून मला जाता आलं असतं. दूध आणायला मी जातच होते. मला भीती वाटली. त्यापेक्षाही, सवय नसलेल्या परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा संकोच वाटला. मी संध्याकाळी वरण-भाताचा डबा भिंतीवर ठेवला. रोज ठेवत राहिले. आणि रोज मनाला समजावत राहिले, की आपण आपल्यापरीनं करतोय.

मनाला समजावायला मी आणखी दोन वाक्यं वापरली. ती इथे लिहिते, कारण ती माझी एकटीची नाहीत. पहिलं : “त्यांना सरकार आहे. पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखाना आहे. आमचं दुकान बंद पडलंय, आम्हाला कोण आहे?” दुसरं मी कुणाला बोलून दाखवलं नाही : “आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. त्यांनी तर आयुष्यभर बंदूक धरली.”

पहिल्या वाक्याचं आधी बघू. सरकार होतं का? होतं. एक एप्रिल २००३ला माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकमधून औषधं मिळतात, मोठ्या दवाखान्यात पाठवणी होते. महामारीत या योजनेनं आपले नियम थोडे सैल केले. नेहमीची औषधं बाहेरून घेऊन नंतर पैसे मागायची मुभा काही काळ दिली. कोरोना झालेल्याच्या कुटुंबाला एक ऑक्सिमीटर, जास्तीत जास्त १२०० रुपयांपर्यंत, मंजूर केला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत देशातल्या ५१ गर्दीच्या पॉलिक्लिनिकांमध्ये रात्रपाळीसाठी डॉक्टर, परिचारक, फार्मासिस्ट असे जादा लोक तीन महिन्यांसाठी नेमले, १५ ऑगस्टपर्यंत. नेहमीच्या मापानं भागत नाही हे कुणीतरी ओळखलं होतं म्हणूनच हे झालं. त्याचं मोल मी कमी करणार नाही.

पण यातल्या एकाही गोष्टीत मामांना उचलणारा हात नव्हता. औषधाची चिठ्ठी होते, यंत्राची पावती होते. कूस बदलण्याची पावती होत नाही. फौजेच्या नियमांत कायम परिचारक ठेवण्यासाठी एक भत्ता आहे. तो २०१७मध्ये महिना ४५०० वरून ६७५० रुपये झाला. पण तो शंभर टक्के अपंगत्व आलेल्यांसाठी, आणि ते अपंगत्व नोकरीमुळे आलेलं असावं लागतं. मामांचा लकवा निवृत्तीनंतर चोवीस वर्षांनी आला. तो सीमेवरचा नव्हे, म्हातारपणाचा. नियमाचं चुकलं असं नाही, पण मामी त्या नियमात कुठेच नव्हत्या.

आणि त्याच एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट झाली. केंद्र सरकारनं कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता आणि पेन्शनरांची महागाई सवलत गोठवली. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते थांबले. दर १७ टक्क्यांवर राहिला आणि जुलै २०२१पासून तो एकदम २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मामींच्या हिशेबाच्या वहीत खर्चाचा रकाना वर चढत होता, जमेचा रकाना होता तिथेच.

मला सरकारला शिव्या द्यायच्या नाहीत. जमा थांबली होती, खर्च डोंगराएवढा होता, कुठूनतरी कापायलाच हवं होतं. आमच्या घरीही तेच चाललं होतं. धुण्याभांड्याच्या मावशींना पहिले दोन महिने मी पूर्ण पगार दिला, तिसऱ्या महिन्यात अर्धा केला. दुकान बंद होतं हे खरंच. पण त्याच महिन्यात मुलाच्या ऑनलाइन क्लाससाठी नवा मोबाइल घेतला, हेही खरं. घर काय आणि देश काय, संकटात आपण आधी कुणाचं कापतो त्यावरून कळतं, की कुणाचं देणं आपण देणं मानतो आणि कुणाचं दान.

हा शब्द मामींनीच माझ्या डोक्यात घातला. जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाल्यावर मंडळानं ठरवलं की औषधदान फंडातून गरजूंना पाच पाच हजार द्यायचे. मी मामींचं नाव सुचवलं. भिंतीवर डबा ठेवून झालेलं पाप थोडं धुऊन निघेल, असंही मनात असणार. पाकीट घेऊन मी दारात गेले. मामींनी पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दान नको गं. आमच्या माणसानं चोवीस वर्षं दिलीत. आमचं जे येणं हाय ते येऊ दे. हे कुणातरी गरिबाला दे.”

मला राग आला. उपकार करायला जावं आणि माणसानं उपकार नाकारावा, याचा येतो तसला राग. बरेच दिवस गेल्यावर कळलं, की मामी गर्वानं बोलल्या नव्हत्या, हिशेब सांगत होत्या.

आपल्याकडे दानाचा विचार फार बारकाईनं झालाय. दाता कसा असावा, पात्र कोण, द्रव्य कसलं, विधी कोणता. पात्र बघून द्यावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण उधारी फेडताना पात्र बघतात का? किराणा दुकानदाराचे पैसे द्यायला मी जाते, तेव्हा तो गरजू आहे की नाही, सज्जन आहे की नाही, असं विचारते का? त्याचं येणं आहे, म्हणून द्यायचं. दानात देणाऱ्याचा हात वर असतो, देण्यात दोन्ही हात बरोबरीला.

आता दुसरं वाक्य, जे मी कुणाला बोलले नव्हते. आपल्याला अहिंसा शिकवली, तेव्हा हिंसेचे चार प्रकारही शिकवले. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, शेती-व्यापारात होणारी उद्योगी आणि आक्रमण आलं तर रक्षणासाठी घडणारी ती विरोधी. गृहस्थाला पहिली वर्ज्य. बाकीच्या तीन त्यानं कमी कराव्यात, पण त्या पूर्ण टळणार नाहीत हे शास्त्रकारांनी ओळखलंय. श्रवणबेळगोळचा बाहुबली आपण ज्याच्यामुळे बघतो तो चामुंडराय गंगांचा सेनापती होता. आपल्या बेळगावातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या मंत्र्यानं बांधलेली, आणि ती आहे कुठे? किल्ल्यात. आपण नेमिनाथांच्या दर्शनाला जातो ते खंदक ओलांडून, तटाच्या दारातून. तट कुणीतरी राखला म्हणून त्याच्या आत मंदिर उभं राहिलं. माझ्या वाट्याची विरोधी हिंसा मामांनी आपल्या नावावर घेतली आणि मी हात स्वच्छ ठेवून स्वयंपाकघरात पाणी गाळत बसले. मग त्यांच्या बंदुकीकडे बोट दाखवून वेगळं व्हायचा मला काय अधिकार?

या विचारात होते तेव्हाच अमेरिकेत राहणारी माझी भाची फोनवर बोलता बोलता म्हणाली, की त्यांच्याकडे पण हीच चर्चा आहे. तिथे ज्या माजी सैनिकाला अंघोळ, कपडे, जेवण यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्याला पेन्शनवर एक वेगळा भत्ता मिळतो. महामारी आहे तोपर्यंत तो तात्पुरता वाढवावा, अशी मागणी पुढे आली होती. माझा पहिला प्रश्न बाजारातल्या बाईचा होता : “तात्पुरता का? द्यायचं तर कायम द्या, नाहीतर नको.”

आता मला वाटतं, तात्पुरता हा शब्द कमीपणाचा नाही. अपरिग्रहाचं व्रत आपल्याला दुसरं काय शिकवतं? गरज आहे तेवढं घ्यावं, गरज सरली की सोडावं. मदतीनंही तसंच असावं. आजाऱ्याला पथ्याचं जेवण देतो ते आयुष्यभरासाठी नसतं, पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी ते टाळत नाही. चंदगडचा मुलगा येत होता तोपर्यंत मामींना जादा पैसे नको होते. तो अडकला ते चार-पाच महिने हवे होते. त्या महिन्यांत तिप्पट मागणारा माणूस ठेवता आला असता तर पुढचं टळलं असतं. वचन जुनंच होतं, फक्त ते पाळायचा भाव वाढला होता. आणि वाढलेल्या भावानं वचन पाळणं म्हणजे मेहेरबानी नव्हे.

पुढचं काय, ते सांगते. मामांच्या पाठीला आणि कमरेखाली जखमा झाल्या. कूस वेळेवर बदलली नाही की पाठ सोलते. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना ते चित्र सांगायला नको. मे महिन्यात सुरू झालेली जखम भरायला दिवाळी उजाडली. आणि मामींची कंबर गेली. एकटीनं साठ-पासष्ट किलोचं निर्जीव अंग रोज पाच-सहा वेळा ओढायचं, वय त्रेसष्ट. आज त्या वाकून चालतात.

म्हणून तात्पुरत्या वाढीत माझी एक अट आहे. ती कधी संपायची हे नुसत्या कॅलेंडरवर ठरवू नये. सरकारी कागदावरची आणीबाणी एका तारखेला संपते. त्यात मोडलेली कंबर त्या तारखेला सरळ होत नाही. भत्ता थांबवण्याआधी कुणीतरी दार वाजवून विचारावं : माणूस परत यायला लागला का? जखम भरली का? सांभाळणारीची तब्येत कशी आहे?

सांभाळणारी. हा शब्द मी मुद्दाम स्त्रीलिंगी लिहिला. भत्ता सैनिकाच्या नावानं निघतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो हिशेब मांडताना गृहीत धरलेलं असतं, की घरात एक बाई आहे आणि तिची मजुरी शून्य आहे. माणूस आला नाही तर ती करेल. रात्री उठायचं तर ती उठेल. पैसे वाढवा म्हटलं की सगळे तिजोरी बघतात. न वाढवलेल्या पैशांची भरपाई कुणाच्या कमरेनं केली, ते कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी माजी सैनिकांच्या आश्रमात २०२०मध्ये किमान ७६ वृद्ध कोरोनानं गेले. कर्मचारी कमी पडले म्हणून स्मृती गेलेल्या वृद्धांचे दोन विभाग एकत्र केले होते, आजारी आणि निरोगी शेजारी शेजारी. तिथे आदर कमी नव्हता, झेंडेही होते. कमी पडले ते हात.

आता तुम्ही म्हणाल, मग फौजीच का? धुण्याभांड्याच्या मावशींचं काय? आशाताईंचं काय? त्यांचं आयुष्य काय कमी मोलाचं? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय आणि त्यातून सुटणारी पळवाट मला सापडलेली नाही. इतकंच म्हणेन, की ज्याला आपण शब्द दिलाय त्याचं देणं आधी फेडावं, कारण ते थांबवायचा आपल्याला हक्कच नाही. पण एकाचं देणं फेडलं म्हणजे बाकीच्यांची उधारी माफ होत नाही. ज्यांना शब्दच दिला नाही त्यांचं देणं अजून वहीत लिहिलेलंसुद्धा नाही, एवढाच फरक. मावशींचा तो कापलेला अर्धा पगार मी पुढच्या वर्षी दिला. त्यांनी घेतला, मोजला, आणि काही बोलल्या नाहीत. आभार मानले नाहीत याचं मला त्या वेळी बरं वाटलं.

आपल्या सहा अंतरंग तपांत एक वैयावृत्त्य आहे. आजारी, थकलेल्या साधूची सेवा. पाय चेपणं, उठवणं, बसवणं, मळ काढणं. उपवास हे बाह्य तप आणि ही सेवा अंतरंग तप, असं का, हे मला तरुणपणी कळत नसे. आता थोडं कळतं. उपवास मी केलेत, अठरा-अठरा तास पाण्याविना राहिले आहे. पण त्या एप्रिलमध्ये भिंत ओलांडायला मला जमलं नाही. शास्त्रात ते साधूंसाठी सांगितलंय हे मला ठाऊक आहे. पण ज्याला लहानपणापासून पाय चेपायची सवयच नाही तो हात साधू आल्यावर एकदम कुठून येणार?

गेल्या वर्षी त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर मी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि हे सगळं मंडळात सांगितलं. सांगताना लाज वाटली. शेवटी आम्ही औषधदान फंडाच्या वहीत एक नवा नियम लिहिला : साथीच्या काळात, घरी सांभाळायला माणूस ठेवावा लागला तर त्याचा जादा खर्च फंडातून द्यावा, घरातली बाई पुरे म्हणेपर्यंत. एकीनं विचारलं, “याला दान म्हणायचं का?” अध्यक्षबाई म्हणाल्या, “खर्च म्हणा, आणि पुढे चला.”

सरकारनं करायचं ते सरकारनं करावं. त्यासाठी मागत राहावं लागेल, आणि मागणाऱ्यांत आपणही असावं, फक्त फौजींच्या घरच्यांनीच नव्हे. आपलं आपण करायचं ते वेगळं. मामा अजून आहेत. नाका उघडल्यावर चंदगडचा मुलगा परत आला, त्याचं लग्नही झालं. रविवारी त्याची सुट्टी असते. त्या दिवशी मी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मामींनी मला खांद्याखाली हात कसा घालायचा ते दाखवलं. माझं चुकलं तेव्हा हसल्या.

हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं, “मामी, तुमचं लिहू का?” त्यांनी मामांचा चादरीचा कोपरा ओढून सरळ केला आणि म्हणाल्या, “लिही की. पण तू आली नव्हतीस तेवढंच नको लिहू, डब्याचंबी लिही. भुकेला होतो आम्ही.”